गरीब स्वभावाच्या माश्या

गांधीलमाशी एकटीच आली होती. पेटीच्या दाराशी फळीवर उतरली, पाय झाडले, आणि आमच्या माश्यांनी बाजूला सरकून तिला वाट दिली.

मी ते स्क्रीनवर पाहिलं. आधी वाटलं, कॅमेरा अडकला असणार. धावत बाहेर गेले तर अडकलं काहीच नव्हतं. तिने एक माशी उचलली, समोरच्या जांभळीवर नेऊन तिचे पंख-पाय तोडून टाकले आणि उरलेला गोळा घेऊन निघून गेली. जरा वेळाने तीच परत आली, की दुसरी, कोण जाणे. माझ्या माश्या पुन्हा सरकल्या. पंगतीत वाढप्याला वाट द्यावी तशा.

"मामा!" मी सासऱ्यांना हाक मारली.

मामा डास मारायची रॅकेट घेऊन आले. "सरक तिकडं. सकाळपास्नं हेच चाललंय माझं." त्यांनी रॅकेट फिरवली. चट् आवाज झाला. "ही गेली! आता सांग त्यांना, म्हाताऱ्याला वर्ल्डकपात घ्या म्हणावं."

"आबा, अजून एक मारा!" खिडकीच्या जाळीला नाक लावून रेवा ओरडली. रेवा माझी मुलगी, चार वर्षांची. मामा हसले, ती हसली. मी दाराशी पडलेल्या माश्यांकडे बघत राहिले. एकीनेही डंख मारायला शेपूट वळवली नव्हती.

त्या तशा का होत्या, हे गेळदऱ्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आम्हीच त्यांना तसं केलं होतं. आणि कोणासाठी, तेही सगळ्यांना माहीत होतं.

गेळदरा म्हणजे तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये वाटीसारखं खोरं. घराघरात मधपेट्या, आणि पेट्यांत सातेरी, आपली डोंगरातली काळसर मधमाशी. मी लग्न होऊन इथे आले त्याच्या आधीच थैली रोगाने इथली दाणादाण उडवली होती. त्या रोगात अळीची पाण्याने भरलेली थैली होते आणि ती मरते. रानातली मोहोळं साफ झाली, पेट्या निम्म्याहून जास्त रिकाम्या पडल्या. म्हणून मधपाळांच्या संस्थेने इथे पैदास केंद्र काढलं, आणि मी कराडला प्राणिशास्त्र शिकलेली सून म्हणून ते माझ्याकडे आलं.

माश्यांची जात सुधारणं गाईम्हशींइतकं सोपं नसतं. राणी मिलनासाठी आयुष्यात एखाददुसऱ्या दुपारी बाहेर उडते. उंच हवेत नरांचा एक ठरलेला अड्डा असतो. आमच्याकडे तो पिंपळकड्याच्या टोकावर आहे. तिथे आजूबाजूच्या सगळ्या पेट्यांमधले नर घिरट्या घालत असतात. राणी त्यांतल्या दहा-पंधरा जणांशी उडता उडता मिलन करते. नर तिथेच मरून पडतात. राणी त्यांचं बीज पोटात साठवून परत येते, ते तिला जन्मभर पुरतं. म्हणजे पेटीतल्या हजारो माश्यांचा स्वभाव त्या एका दुपारी ठरतो, आणि तोही आभाळात. मधपाळ चांगली राणी निवडू शकतो. तिचे नवरे कोण, हे त्याच्या हातात नसतं.

'दारवान' आल्यावर ते हातात आलं. दारवान म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. पेटीच्या दारावर बसतं. पंखांच्या आवाजावरून आणि मोठ्या डोळ्यांवरून नर ओळखतं. नरांच्या उडण्याच्या वेळी ते दार इतकं अरुंद करतं की कामकरी माशी जाते-येते, नर मात्र आतच राहतो. ज्या पेट्यांचे नर आपल्याला हवेत त्यांचीच दारं उघडी राहतात. खोरं बंद, रानातली मोहोळं आधीच संपलेली. त्यामुळे पिंपळकड्यावर कोणी जायचं, हे आम्ही खालून ठरवू लागलो. कुठला गुण किती महत्त्वाचा धरायचा याचे काटे माझ्या फोनवर होते: रोगाला तोंड देणं, मध, पेटी सोडून न जाणं, स्वभाव. काटे हलवायचे ते संस्थेच्या बैठकीत, सगळ्यांच्या संमतीने. पहिली वर्षं आम्ही फक्त रोगाचा काटा चढवला, आणि खोरं वाचलं. हे मी अभिमानाने सांगत असे.

मग एक दिवस ओसरीवर रांगोळीच्या डब्याशी खेळताना रेवाच्या हाताखाली एक माशी आली.

एकच डंख. पण तिचे ओठ निळे पडले. माझा नवरा सुजय संस्थेची पिकअप चालवतो. त्याने घाट कसा उतरवला ते त्यालाही आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. पाच वर्षांची झाली की विषाची सवय करून देणारा उपचार सुरू करता येईल, तो काही वर्षं चालेल. तोवर जपा. त्या दिवसापासून डंख झालाच तर लगेच टोचायच्या इंजेक्शनच्या पेनची पाउच माझ्या कमरेला आहे. आंघोळीला जाताना ती मी दाराच्या कडीला लावते आणि डोळ्यांत साबण गेला तरी तिच्याकडे बघत राहते.

त्या महिन्याच्या बैठकीत मी काही मागितलं नव्हतं. अहवाल वाचायला उभी राहिले आणि वाचताच येईना. तेव्हा शेजारच्या रंजनाकाकी म्हणाल्या, "माश्या गरीब करा की गं. येवढी यंत्रं हायेत तुमची. गाय गरीब असती, बैल गरीब असतो, मग माशीलाच काय धाड भरलीय?"

सगळे हसले आणि सगळ्यांनी हात वर केले. स्वभावाचा काटा मी टोकापर्यंत नेला.

स्वभाव मोजायची रीत साधी आहे. दोरीला काळा चामडी चेंडू बांधून पेटीच्या दारासमोर हलवायचा आणि त्यात किती डंख रुतले ते बघायचं. ज्यांचा चेंडू कोरा परत येई, त्यांचेच नर आम्ही सोडत गेलो. घराघरात केंद्रातल्या नव्या राण्या दिल्या. दोन हंगामांत खोरं बदललं. रेवा पेटीशेजारी बसून माश्यांना नावं देऊ लागली. पर्यटक उघड्या हातांनी फोटो काढू लागले. आणि मी रात्रीची झोपू लागले.

सातेरीकडे गांधीलमाशीसाठी फार जुना उपाय आहे. दारावरच्या राखणदार माश्यांना परक्याची चाहूल लागली की त्या एक वास सोडतात, पिकलेल्या केळ्यासारखा. त्या वासाने शेकडो माश्या धावतात, गांधीलमाशीला चहूबाजूंनी गुंडाळून गोळा करतात आणि अंगाची थरथर करून इतकी ऊब निर्माण करतात की ती आत भाजून मरते. स्वतः मात्र त्या जेमतेम वाचतात. डंख मारणं आणि हा गोळा करणं, मला दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या होत्या. पण दोन्हीची सुरुवात एकच आहे. वास आला की धावायचं. आणि आम्ही दोन वर्षं निवडून निवडून धावणाऱ्या काढून टाकल्या होत्या.

दिवाळीपर्यंत पेट्या मोकळ्या होऊ लागल्या.

रंजनाकाकींकडे फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा त्या अंगणात चकल्या निवत ठेवत होत्या. त्यांच्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीत एक पोकळी आहे. तिच्यात वर्षानुवर्षं सातेरीचं मोहोळ आहे, आपणहून येऊन बसलेलं. तिथे दारवान बसत नव्हता. म्हणून काकींनी स्वतःच तिथे बारीक जाळी ठोकून घेतली होती. त्यातून कामकरी माशी जाते, नर अडकतो. आमच्या केंद्राचं त्या मोहोळाशी एवढंच नातं.

"बघ, बघ, आली टवळी," काकी म्हणाल्या. गांधीलमाशी भिंतीवर उतरत होती.

पुढचं फार लवकर झालं. भिंतीतून माश्या सांडल्या, तिच्यावर पडल्या, आणि लिंबाएवढा काळा गोळा खाली येऊन थरथरू लागला. मी फोनचा उष्णता दाखवणारा कॅमेरा धरला. पडद्यावर गोळा निखाऱ्यासारखा दिसत होता. थोड्या वेळाने माश्या पांगल्या. आत गांधीलमाशी मरून पडलेली.

"ह्या आमच्या सासूबाईंसारख्या," काकी म्हणाल्या. "दारात परकं मानूस दिसलं की झालं सुरू. मला पण नवी आले तवा अशाच..." आणि मग माझा चेहरा बघून एक चकली माझ्यापुढे धरली. "चकली खा," म्हणाल्या.

मी विचारलं, "काकी, आतली राणी कधीची?"

"जाळी बसवायच्या आधीची. आता म्हातारी झाली की ती."

घरी येईपर्यंत सगळं लक्षात आलं होतं. खोऱ्यात ज्या माश्या अजून धावत होत्या त्या फक्त या एका भिंतीत होत्या. राणी म्हातारी, तिचं बीज सरत आलेलं. येत्या वसंतात ती अखेरचे नर घालील. ते जाळीमागे मेले की संपलं. बाहेरगावच्या माश्या आणाव्यात तर त्यांच्याबरोबर पुन्हा थैली रोग आला असता, आणि आमच्या नियमात त्याला साफ मनाई होती.

बैठक समाजमंदिरात झाली. मामा अध्यक्ष. मी म्हणाले, "स्वभावाचा काटा खाली आणायचा आणि काकींच्या भिंतीची जाळी काढायची. तिथले नर पिंपळकड्यावर जाऊ द्यायचे."

"म्हणजे परत चावऱ्या?" विक्रांतने विचारलं. सगळ्यांत जास्त पेट्या त्याच्या गेल्या होत्या.

"हो."

"आणि रेवा?"

"तिचं मी बघेन."

"तू काय बघणार?" काकी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "माशीच्या मागं मागं पळणार?"

"काकी, दसऱ्यापासून निम्म्या पेट्या गेल्या."

"गेल्या तर गेल्या. माश्या काय माझ्या पोटच्या हायेत का?" मग जरा नरमून, "पोर गावची हाय."

विक्रांत म्हणाला, "ताई, आमी आळीपाळीनं रॅकेट घेऊन बसू. यंदा फटाक्यांचे पैसे पण वाचले." हशा झाला. मामांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, ठराव नामंजूर.

मला त्या हसण्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणीतरी उठून म्हणायला हवं होतं, की तुझ्या पोरीपायी आमचं वाटोळं झालं. कोणी म्हणालं नाही. परतताना विक्रांतने रेवासाठी मधाची बाटली दिली. त्याच्या यंदाच्या मधातली बहुतेक शेवटची.

माघ संपत आला तशी काकींच्या भिंतीमागे नरांची गुणगुण सुरू झाली. दुपारचं ऊन कलंडलं की ते जाळीशी दाटी करत, एकमेकांवर चढत, आणि तिथेच मरत. तिन्हीसांजेला काकी जाळी सैल करून ते झाडून काढत. केंद्रातल्या माझ्या नव्या राण्या उडायच्या बेतात होत्या. त्या कड्यावर जाऊन भेटणार होत्या त्या गरीब नरांनाच.

सकाळी डबा भरताना मी सुजयला म्हणाले, "आज मी जाळी काढणार आहे."

तो पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिला. "गावाने नाही म्हटलंय, तेजल."

"गावाने माझ्यासाठी नाही म्हटलंय. मलाच ते नकोय."

"आणि रेवाला?" तो म्हणाला. "तिला काय हवंय ते कोणी विचारलं?"

 नव्या माश्या दोन महिन्यांनी बाहेर पडतील, तोवर वेळ आहे, असं काहीतरी मी म्हणाले. तो बाटली तशीच ठेवून गेला.

दुपारी पक्कड घेऊन गेले तेव्हा काकी ओसरीवर आडव्या झाल्या होत्या. पहिला खिळा निघाल्याचा आवाज आला तशा उठल्या.

"ए, हात लावू नकोस! काय चाललंय तुझं?"

"काकी, पोर माझी आहे."

"तुझी एकटीची व्हय गं? एकटीची?" त्यांनी माझा दंड धरला. "माझ्या भितीतल्या माश्या. उद्या तिला काय झालं तर ह्या भितीकडं मी कशी बघू? सांग की! घर पाडू?"

मी दंड सोडवला आणि दुसरा खिळा ओढला. एक राखणदार माशी माझ्या मनगटावर बसली आणि तिने डंख मारला. जाळी हातात आली. काकी मला बोलत राहिल्या: अक्कल गहाण टाकलीस, शिकलीस कशाला, आई हायस का कोण. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर ओरडत होतं. मला वाटलं होतं की त्याने बरं वाटेल. वाटलं नाही.

नर बाहेर आले. काळे, जाडे, जरा बावळट. पहिले दोघे-तिघे फळीवरून पडले, मग उठून एकेक करत पिंपळकड्याकडे निघाले. काकींनी उन्हाला आडवा हात धरला. दोघी मान वर करून बघत राहिलो. त्या दुपारी माझ्या राण्या परत आल्या तेव्हा त्यांच्या शेपटीला मिलनाची पांढरी खूण होती. नर कोणत्या घरचा, हे त्या खुणेवरून कळत नाही.

कळलं ते चैत्र उलटल्यावर.

जाळीचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, गाव गोळा झालं होतं. माझी नवी राणी दिलेल्या विक्रांतच्या पेटीसमोर मामांनी चेंडू धरला, आणि आतून माश्या आल्या. चेंडूवर तुटून पडल्या. दोन विक्रांतच्या कानाला डसल्या. "आयायायाया!" करत तो अंगणभर नाचला आणि मग लाल झालेला कान सगळ्यांना दाखवत सुटला. "बघा की! बघा! चावल्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी रुतलेले डंख दाखवायला चेंडू वर धरला.

मग कोणाचं तरी लक्ष गेलं. मी लांब, पिकअपच्या बंद काचेआड, रेवाला मांडीवर घेऊन बसले होते. टाळ्या एकदम थांबल्या. मामांनी चेंडू पाठीमागे नेला.

फलटणला माझ्या आईकडे रेवाने राहायचं, पाच पूर्ण झाली की पुण्याला उपचार सुरू करायचे, आणि तिच्याबरोबर सुजयने जायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

"तू जा तिच्याबरोबर," सुजय म्हणाला होता. "इथलं मी बघतो."

"तुला राण्या नाही बघता यायच्या. अजून निम्म्या पेट्यांना द्यायच्यात."

हे खरं नव्हतं. शिकवलं असतं तर त्याला आठवड्यात जमलं असतं. विक्रांतलाही जमलं असतं. पण रिकाम्या पेट्या मी माझ्या हाताने भरल्या नाहीत तर मला कुठेच झोप लागणार नव्हती, रेवाच्या शेजारीसुद्धा. हे आईने म्हणायचं वाक्य नाही, म्हणून मी राण्यांचं कारण सांगितलं. सुजयला ते कळलं असावं. तो रेवाचे कपडे भरायला लागला.

निघायच्या सकाळी मी कमरेची पाउच सोडून त्याच्या पट्ट्याला लावली. पेन कसं धरायचं ते पुन्हा दाखवलं. "माहितीये गं," तो म्हणाला, आणि तरी पुन्हा करून दाखवलं. रंजनाकाकी पोहे घेऊन आल्या होत्या. रेवाच्या गालाला हात लावला, डबा माझ्या हातात न देता सीटवर ठेवला. मामा केंद्राच्या बाजूला उगाच काहीतरी आवरत होते.

रेवा खिडकीशी बसली. काच वरपर्यंत बंद. मी दुसऱ्या बाजूच्या दारातून आत वाकले होते.

"तू का नाही येत?"

"राण्या उडून झाल्या की येते."

"तुला माश्या जास्त आवडतात?"

"नाही गं. आवडतात म्हणून नाही थांबत." ती वाट बघत होती. थोडंतरी खरं सांगावं असं वाटलं. "माश्यांचं खूप नुकसान झालंय. ते भरून काढायचंय. म्हणून."

तिने विचार केला. सगळं गाव दोन वर्षं जे बोलायचं टाळत होतं, ते तिने पटकन विचारलं. "माझ्यामुळे झालं?"

"नाही!" मी म्हणाले. "नाही, सोन्या. तुझ्यामुळे नाही. आईमुळे."

"अच्छा," ती म्हणाली. पण मी तिला ओळखते. ती माझ्यासारखीच आहे.

सुजयने गाडी सुरू केली. मी बाहेर आले, दार लावलं, आणि फिरून तिच्या बाजूला गेले. बाहेरून काचेवर एक माशी बसली होती, नव्यातली, चटपटीत. तिला हाकलायला मी हात उचलला, तर रेवाने मान हलवून मला नको म्हटलं. तिने आतून, बरोबर माशीच्या पोटाखाली, काचेवर बोट टेकवलं. तोंड अगदी जवळ नेलं. आवाज बाहेर येत नव्हता, पण ओठ मला स्पष्ट दिसत होते.

"सॉरी हं," ती माशीला म्हणत होती. पुन्हा एकदा, "सॉरी."

गाडी हलली, तशी माशी उडाली.